ग्लायडर गोते खातो, नीट केला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच: कारणं आणि उपाय

तक्रार साधारण अशी असते. वर्गाच्या प्रकल्पासाठी ग्लायडर, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगणारं छोटं विमान, केला. फेकला की नाक वर करतो, क्षणभर हवेत थबकतो आणि मान टाकून खाली येतो. नाकावर क्लेचा गोळा चिकटवला, जरा सुधारला. दुसऱ्या दिवशी मैदानावर नेला तर पहिले पाढे पंचावन्न. आणखी क्ले लावली, आता सरळ नाकावर आपटतो. म्हणून शेपटीची मागची कड थोडी वर वाकवली. पुन्हा गोते. मग पुन्हा क्ले. चार दिवसांत नाक जड, शेपटी वाकडी आणि प्रत्येक फेकीला नवा तमाशा.

क्ले लावायला हरकत काहीच नाही. अडचण ही की नाकावरचं वजन आणि शेपटीचा कोन ही एकाच रोगाची दोन औषधं समजून आलटून पालटून दिली जातात. खरं तर दोघांची कामं निराळी आहेत. वजनामुळे गुरुत्वमध्य, म्हणजे ग्लायडर ज्या बिंदूवर तोलला जातो तो बिंदू, कुठे येतो ते ठरतं, आणि त्यावर ग्लायडर धक्का बसल्यावर स्वतःहून सावरतो की नाही हे अवलंबून असतं. शेपटीच्या कोनामुळे तो कुठल्या वेगाला समतोल उडेल ते ठरतं. गुरुत्वमध्य मोजून एकदाच बसवायचा आणि त्याला पुन्हा हात लावायचा नाही. त्यानंतरचं सगळं ट्रिमिंग, म्हणजे समतोल उडण्यासाठीची बारीक जुळवाजुळव, फक्त शेपटीवर करायचं. पुढचं सगळं या एका नियमाभोवती फिरतं.

आलटून पालटून औषध दिल्यावर नेमकं काय बिघडतं? नाक जड केलं की वजन नाकाला खाली ओढतं, आणि ही ओढ वेग कितीही असला तरी तेवढीच राहते. शेपटीची मागची कड वर केली की हवा शेपटीला खाली दाबते, म्हणजे नाक वर जातं. हा दाब मात्र वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, वेग दुप्पट झाला की तो चौपट. त्यामुळे जड नाक आणि बरीच वाकवलेली शेपटी अशी जोडी एका ठरावीक वेगालाच जुळते. फेक जराशी जोरात गेली की शेपटी जिंकते आणि ग्लायडर उभा चढतो. जराशी मऊ गेली की नाक जिंकतं आणि तो जमीन गाठतो. अशा ग्लायडरबद्दल "काल उडत होता, आज उडत नाही" ही तक्रार हमखास येते, कारण रोज सारख्याच जोराने फेकणं कुणालाच जमत नाही. त्यात गटातले चौघं पाळीपाळीने फेकत असतील तर बघायलाच नको.

नुसत्या फेकीच्या जोरावर वर जाणाऱ्या स्पर्धेतल्या हँड लाँच ग्लायडरमध्ये म्हणूनच पंख आणि शेपटी यांच्या कोनात जवळजवळ फरक ठेवत नाहीत, आणि गुरुत्वमध्य बराच मागे घेतात. जोरात फेकल्यावर ते कोलांटी मारत नाहीत ते यामुळे. पण तसं ट्रिम नाजूक असतं. वर्गातल्या पहिल्या मॉडेलला ते मानवत नाही.

हिशेबासाठी एक नमुना

पुढचे आकडे हवेत राहू नयेत म्हणून एक साधा ग्लायडर धरू. पंखाची लांबी टोकापासून टोकापर्यंत ६० सेंमी, रुंदी १० सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंमी. आडवी शेपटी २४ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद, म्हणजे १२० चौरस सेंमी. पंखापासून शेपटीपर्यंतचं अंतर ३० सेंमी. एकूण वजन ४० ग्रॅम. तुमचा ग्लायडर बाल्साचा (हलक्या लाकडाचा) असो, फोम शीटचा असो की थर्माकोलचा, मापं याच्या आसपास असतील तर आकडेही जवळपास लागू पडतील.

असा ग्लायडर सेकंदाला सुमारे ४.२ मीटर, म्हणजे ताशी १५ किमीच्या आसपास वेगाने आरामात तरंगतो. वजन ६० ग्रॅम झालं की तोच वेग सेकंदाला सव्वापाच मीटरच्या जवळ जातो. क्लेचे थर चढवत गेलं की ग्लायडर नुसता जड होत नाही, त्याला जास्त जोरात फेकावंही लागतं, आणि आपटतोही जास्त जोरात.

आधी फेक तपासा

गोते खाणारे बरेच ग्लायडर मुळात ठीक असतात, फेक चुकत असते. वरच्या नमुन्याला ४.२ ऐवजी दीडपट, म्हणजे ६.३ मीटर वेगाने फेकलं तर पंखावरची उचल, म्हणजे पंखाला वर ढकलणारा हवेचा जोर, सव्वादोन पट होते. तो वर चढणारच. जादा वेगाची उंची झाली की जवळजवळ एक मीटर चढतो, तिथे वेग संपतो, आणि मग खाली कोसळतो. बघणाऱ्याला वाटतं शेपटी जड आहे. लगेच नाकावर क्ले येते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

फेक आणि ट्रिम यातला फरक ओळखायची खूण आहे. पहिला एकच उंचवटा येऊन पुढे ग्लायडर सरळ तरंगत गेला, तर दोष हाताचा. उंचवटा, खोलगट, पुन्हा उंचवटा अशा लाटा येत राहिल्या आणि त्या कमी होत नसल्या, तर दोष ट्रिमचा. या लाटांना फ्युगॉइड म्हणतात. ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०८ मध्ये हे नाव रूढ केलं. नमुन्यातल्या ग्लायडरची एक लाट जेमतेम दोन सेकंदांची, म्हणजे सुमारे ८ मीटर लांबीची असते.

आणि घोळ इथेच होतो. खांद्याच्या उंचीवरून, म्हणजे दीड-पावणेदोन मीटरवरून फेकलेला वर्गातला ग्लायडर साधारण १० ते ११ मीटर जातो. एवढ्या अंतरात पूर्ण लाट एकच दिसते, दुसरी सुरू होते न होते तोच जमीन येते. त्यामुळे जमिनीवरून फेकून फेकीचा दोष आणि ट्रिमचा दोष वेगळा ओळखणं जवळपास अशक्य. मैदानाच्या कडेला उतार असेल तर त्याच्या माथ्यावरून फेका. दोन-तीन मीटर जादा उंची मिळाली की सगळं स्पष्ट दिसतं. एकाने बाजूला उभं राहून फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तर आणखी बरं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या उड्डाणावरून गटात भांडणं होतात, व्हिडिओवरून होत नाहीत.

फेकायची रीत अशी: ग्लायडरचं धड, म्हणजे पंख आणि शेपटी जोडणारी मधली काठी, गुरुत्वमध्याच्या खाली धरा. नाक किंचित खाली, समोर बऱ्याच लांब जमिनीवरच्या एखाद्या खुणेकडे. हात सरळ रेषेत पुढे न्या आणि हळूच सोडा. मनगटाला झटका द्यायचा नाही. चेंडू फेकायची सवय असलेली मुलं खांद्यावरून कमानीत फेकतात, त्यात सुटताना नाक आपोआप वर होतं. तोंड वाऱ्याकडे. वारा नसलेली वेळ निवडता आली तर उत्तम. पान हलत असेल एवढाही वारा ४ मीटर वेगाच्या ग्लायडरला मोठा असतो. ट्रिमिंग संपेपर्यंत फेकणारा एकच ठेवा. बाकीच्यांना मोजमाप, नोंदी, चित्रण अशी कामं वाटून द्या.

गुरुत्वमध्य

सरळ आयताकृती पंख असेल तर पुढच्या कडेपासून रुंदीच्या ३० ते ३५ टक्क्यांवर गुरुत्वमध्य ठेवा. १० सेंमी रुंदीला ३ ते साडेतीन सेंमी. पंखाच्या खालच्या बाजूला, धडाच्या दोन्हीकडे, पेनने ठिपके काढा. दोन बोटांची टोकं त्या ठिपक्यांवर टेकवून ग्लायडर उचला. धड आडवं राहिलं पाहिजे. बोटं थरथरतात म्हणून दोन पेन्सिली उलट्या उभ्या करून त्यांच्या खोडरबरावर तोलला तर जास्त खात्रीचं.

टोकाकडे निमुळता होणारा पंख असेल तर कुठली रुंदी धरायची हा प्रश्न नेहमी येतो. अर्ध्या पंखाचा आकार जाड पुठ्ठ्यातून कापा आणि पेन्सिलीच्या टोकावर तोला. तोल साधतो त्या बिंदूतून पुढून मागे रेघ मारा. ती रेघ जेवढी लांब, तेवढी रुंदी हिशेबात धरायची, आणि तिच्या पुढच्या टोकापासून ३० ते ३५ टक्के मोजायचे. पंख मागे झुकलेला असेल तरी ही युक्ती चालते.

गुरुत्वमध्य फार मागे गेल्याचं लक्षण वेगळं असतं. ग्लायडर एका फेकीला छान जातो, दुसऱ्या फेकीला तसाच फेकूनही खाली वळतो आणि वळतच जातो. सावरायची इच्छाच दिसत नाही. अशा वेळी शेपटीशी खेळत बसू नका, वजन पुढे घ्या. उलट नाक फार जड असेल, आणि ते सावरायला शेपटी बरीच वाकवलेली असेल, तर हलकीशी नाक खाली ठेवून दिलेली फेकसुद्धा तो लगेच जोरात वर उचलतो. योग्य जागी असेल तर तो सावकाश कमान घेत सपाट होतो.

जागा ठरली की क्ले काढून टाका, अशी माझी शिफारस आहे. क्ले उन्हात मऊ होते, आपटल्यावर चपटी होते, तिचा तुकडा गवतात पडतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या डिजिटल काट्यावर क्ले तोला, तेवढ्याच वजनाचं वॉशर नाकात खाच करून बसवा आणि वरून टेप मारा. नाकाच्या टोकाला फोमचा मऊ तुकडा मात्र हवाच. उघडं धातूचं किंवा टोकदार नाक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर फिरू द्यायचं नाही.

आता शेपटी

गुरुत्वमध्य जागेवर आहे, फेक नीट आहे, तरी लाटा येतात. मग शेपटी. पंखाचा कोन शेपटीपेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असावा लागतो. ही जुनीच गोष्ट. जॉर्ज केली यांच्या १८०४ च्या मॉडेल ग्लायडरमध्ये कोन बदलता येणारी शेपटी आणि पुढेमागे सरकवता येणारं वजन, दोन्ही होतं. आल्फोंस पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिसला रबराच्या पिळावर उडणारं छोटं विमान उडवून दाखवलं, त्याचीही शेपटी पंखापेक्षा कमी कोनात बसवलेली होती.

वर्गात हा कोन मोजायला कोनमापक घेऊन बसतात आणि तो कोन कधीच नीट मोजला जात नाही. मिलिमीटरमध्ये विचार करा. ५ सेंमी रुंद शेपटीचा एक अंश म्हणजे एका कडेला ०.९ मिमीपेक्षाही थोडं कमी. व्हिजिटिंग कार्डाची जाडी साधारण ०.३ मिमी, म्हणजे त्याची एक पट्टी सुमारे एक तृतीयांश अंश. साध्या छपाईच्या कागदाची एक पट्टी त्याच्याही तिसऱ्या भागाइतकी. ग्लायडर लाटा मारतोय की नाही हे ठरवायला एक कार्डपट्टी पुरते, हे पहिल्यांदा करून पाहताना पटत नाही. पण लोक बोटाने शेपटी वाकवतात तेव्हा एका फटक्यात तीन-चार अंशांची उडी घेतलेली असते. मग बरोबर जागा मधेच कुठेतरी निसटून जाते.

दिशा लक्षात ठेवा, इथे हमखास गोंधळ होतो. ग्लायडर लाटा मारत असेल, नाक वर करत असेल, तर पट्टी शेपटीच्या पुढच्या कडेखाली घाला. शेपटीचं पुढचं टोक उचललं की तिच्यावरची उचल वाढते, शेपूट वर जातं, नाक खाली येतं. सरळ खाली जात असेल तर पट्टी मागच्या कडेखाली. एका वेळी एकच पट्टी, मग निदान तीन फेकी, मग निर्णय. तीनपैकी दोनदा सारखं वागला तर तो त्याचा स्वभाव धरा.

कागदी किंवा कार्डाची फडफडती पट्टी शेपटीच्या मागे चिकटवून ती वाकवायची पद्धत सोपी वाटते म्हणून सगळे वापरतात. मला ती अजिबात आवडत नाही. घडी घातलेलं कार्ड रात्रभरात थोडं उलगडतं. संध्याकाळी दोन मिमी वर असलेली कड सकाळी एक मिमीवर आलेली असते, आणि "कुणी हात लावला नाही तरी बिघडला" अशी कोड्यात टाकणारी तक्रार तयार होते. खाली घातलेली पट्टी उलगडत नाही. कोन सापडला की गोंदाचा थेंब देऊन ती कायमची करून टाका.

काल ठीक, आज बिघडला

आता मुख्य दुखणं. आदल्या दिवशी नीट केलेला ग्लायडर उगीच बिघडत नाही. काहीतरी बदललेलं असतं, ते शोधावं लागतं. शोधायचा क्रम मी देतो तोच ठेवा, कारण सगळ्यात सर्रास कारण आधी आहे.

पहिला संशय पंखाच्या बैठकीवर. पंख रबर बँडने बांधायची पद्धत चांगली आहे. आपटल्यावर पंख सुटतो, तुटत नाही. पण परत बांधताना तो त्याच जागी बसतो का? पंख २-३ मिमी पुढेमागे सरकला तर गुरुत्वमध्याचा फरक लहान पडतो, तेवढा चालून जातो. खरा घात होतो तो कड उचलली गेल्यामुळे. पंखाच्या पुढच्या कडेखाली गोंदाचा सुकलेला थेंब, रबर बँडची गाठ किंवा गवताची काडी अडकली आणि कड एक मिमी वर राहिली, तर १० सेंमी रुंदीच्या पंखाचा कोन अर्ध्या अंशाहून जास्त बदलतो. म्हणजे शेपटीखाली जवळपास दोन कार्डपट्ट्या घातल्यासारखं झालं! उपाय फुकटचा आहे: पंख बरोबर बसलेला असताना बारीक पेनने धडावर पंखाच्या दोन्ही कडांच्या रेघा मारा, आणि पंखावर धडाच्या दोन्ही बाजूंच्या. प्रत्येक फेकीआधी चारही रेघा जुळतात का ते पाहा. रबर बँड सैल पडले असतील किंवा त्यांना बारीक चिरा दिसत असतील तर सरळ बदला.

दुसरा संशय दुरुस्तीच्या वजनावर. ग्लायडर आपटतो, शेपटी हलते, तिला गोंदाचा एक ठिपका आणि टेपचा एक तुकडा मिळतो. नमुन्यात शेपटी गुरुत्वमध्यापासून ३० सेंमी मागे आहे आणि नाक समजा १२ सेंमी पुढे. शेपटीवर १ ग्रॅम वाढला की तोल राखायला नाकावर अडीच ग्रॅम लागतो. गरम गोंदाच्या बंदुकीतून निघालेला एक घसघशीत लोळा १ ग्रॅमचा सहज होतो. म्हणून शेपटीला गरम गोंद वापरायचाच नाही. पातळ पांढरा गोंद, तोही काडीने लावलेला. आणि थर्माकोलवर झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद चालत नाही, तो थर्माकोल विरघळवतो. फोमला चालणारा म्हणून विकला जाणारा वेगळा मिळतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर गुरुत्वमध्य पुन्हा तोलायचा, मग फेकायचं.

यातच रंगरंगोटी येते. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी कुणाला तरी शेपटीवर गटाचं नाव आणि पट्टे रंगवायचे असतात. रंगाचं वजन बरोबर नको तिथे जातं. शिवाय पाण्याचा रंग बाल्साच्या एकाच बाजूला लावला की ती बाजू फुगते आणि फळी वाकते. रंगवायचंच असेल तर नाक रंगवा.

तिसरा संशय पिळावर. पंख किंवा शेपटी पीळ खाते ते दमट हवेमुळे, उन्हामुळे, दप्तराखाली दबल्यामुळे किंवा बंद गाडीत तापल्यामुळे. ग्लायडर हातभर लांब धरून बरोबर मागून बघा, एक डोळा मिटून. दोन्ही पंखांच्या मागच्या कडा धडापासून टोकापर्यंत सारख्या दिसल्या पाहिजेत. एका टोकाची कड खाली लोंबत असेल तर त्या बाजूचा पंख जास्त उचल घेतो आणि वेग कमी होताच आधी तोच कोसळतो. फोमचा पंख हेअर ड्रायरच्या मंद गरम हवेत धरून उलट बाजूला किंचित पिळा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा. बाल्साला वाफ देऊन तेच करा. दोन्ही टोकांच्या मागच्या कडा मुद्दाम सारख्याच दोन मिमी वर ठेवल्या तर आणखी चांगलं. टोकं उशिरा कोसळतात आणि ग्लायडर अचानक एका कुशीवर पडत नाही.

चौथी गोष्ट क्वचित लक्षात येते: धडाची काठी लवचिक असणं. शेपटीकडचा भाग धरून हलकेच हलवा. काठी धनुष्यासारखी वाकत असेल तर फेकतानाही वाकते आणि शेपटीचा कोन हातातून सुटेपर्यंत बदलत राहतो. असा ग्लायडर कधीच ट्रिम होत नाही. काठी बदला किंवा तिच्या खाली कडेवर उभी अशी दुसरी पट्टी चिकटवा.

एका बाजूला वळत असेल तर

वळणाची तक्रार गोत्यांइतकी अवघड नसते. आधी पीळ पाहा, मग उभी शेपटी सरळ आहे का ते पाहा, मग नाक आणि शेपटी दोन बोटांवर धरून कुठला पंख खाली पडतो ते पाहा. हलक्या टोकाला टाचणी खुपसून तोल साधता येतो. तरी वळतोच तर उभ्या शेपटीची मागची कड एक मिमी उलट्या बाजूला.

दोन लक्षणं मात्र घडणीतल्या दोषाची आहेत. वळण घट्ट होत होत गिरकी घेत खाली जात असेल तर पंख फार सपाट आहेत किंवा उभी शेपटी गरजेपेक्षा मोठी आहे. पंखाची टोकं उंच घ्या. ३० सेंमीच्या अर्ध्या पंखाला टोकाशी अडीच सेंमीच्या आसपास उंची, म्हणजे ५ अंश, पुरते. उलट तो बदकासारखा डुलत जात असेल तर उभी शेपटी लहान पडते आहे.

काहीच लागू पडत नसेल तर

वरचं सगळं करून ग्लायडर ऐकत नसेल तर रचनेतच कमतरता आहे. मग पट्ट्या घालत बसण्यापेक्षा हिशेब करा. शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले तिचं अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले पंखाची रुंदी. नमुन्यात (१२० गुणिले ३०) भागिले (६०० गुणिले १०), उत्तर ०.६. हे उत्तर ०.५ ते ०.६ असेल तर निर्धास्त. ०.३ च्या आसपास असेल तर गुरुत्वमध्य अगदी काटेकोर ठेवावा लागतो आणि जराशा धक्क्याने ग्लायडर बिथरतो. शेपटी मोठी करण्यापेक्षा धड लांब करणं मला बरं वाटतं, पण मग शेपटी हलकी हवीच.

दुसरी नेहमीची कमतरता म्हणजे आखूड नाक. चित्रातलं विमान बघून नाक छोटं ठेवतात आणि मग वजनाचा अर्धा हिस्सा नाकातच घालावा लागतो. नाक पाच-सहा सेंमी लांब केलं की तेवढाच तोल कमी वजनात साधतो.

आणि खऱ्या विमानाच्या पंखाचा जाडजूड छेद कापून आणलेला असेल तर तो या आकाराला उपयोगी नाही. एवढ्या लहान आणि संथ पंखाला पातळ, किंचित वाकवलेली फळीच सरस ठरते. १० सेंमी रुंदीला मध्ये पाचेक मिमी वाक पुरे. छेदावर घालवलेला वेळ दोन्ही पंख सारखे करण्यात घालवा.

नोंदी, आणि सादरीकरणाचा दिवस

प्रकल्पाच्या वहीत "ग्लायडर चांगला उडाला" असं लिहून शिक्षकांचं समाधान होत नाही, आणि पुढच्या वेळी तुम्हालाही त्याचा उपयोग नसतो. प्रत्येक बदलापुढे तीन फेकींचं अंतर, फेकीची उंची आणि हवेतला वेळ लिहा. अंतर भागिले उंची हे ग्लायडरचं खरं गुणपत्रक. १.८ मीटरवरून १०.८ मीटर गेला तर ६. फेक जोरात झाली की हा आकडा फुगतो, म्हणून पहिला उंचवटा घेऊन गेलेली फेक हिशेबात धरू नका. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले आणि ग्लायडर सुधारला तर कशामुळे सुधारला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतात.

ट्रिम जमलं की एका कार्डावर चार आकडे लिहून ते पेटीत ग्लायडरसोबत ठेवा: एकूण वजन, पुढच्या कडेपासून गुरुत्वमध्याचं अंतर, शेपटीखाली कुठल्या कडेला किती पट्ट्या, आणि पंखाच्या दोन्ही टोकांची उंची. पंख सुटा करून सपाट ठेवा, त्यावर काहीही रचू नका. सादरीकरण सभागृहात असेल तर पंखे आधी बंद करायला सांगा. छताच्या पंख्याखाली हवा खाली ढकलली जाते आणि उत्तम ट्रिम झालेला ग्लायडरही तिथे नाक टेकतो. खोक्यातून काढल्यावर रेघा जुळवा, ठिपक्यांवर तोला, मागून एक डोळा मिटून पाहा. यात काही हललेलं दिसलं तर कार्डावरच्या आकड्यांवर परत आणा. नवीन पट्टी घालायची नाही, नवीन क्ले लावायची नाही, शेजारच्या गटाने कितीही सुचवलं तरी.